न दिसल्याचा पुरावा : गॅमा किरणांचं चित्र आणि एक जुना प्रश्न



मागचं व्याख्यान साताऱ्याला झालं. ते संपल्यावर एक बाई उठल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या असाव्यात, कारण प्रश्न विचारण्याआधी त्यांनी माझं एक वाक्य दुरुस्त केलं! मग म्हणाल्या, "सर, २०१७ साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली, सगळ्या जगाने ती पाहिली, असं तुम्ही सांगितलंत. आपल्या ॲस्ट्रोसॅटला ती दिसलीच नाही, हेही सांगितलंत. आणि लगेच म्हणालात, न दिसल्याचाही उपयोग झाला. न दिसल्याचा उपयोग कसला? ही आपली समजूत घालणं नाही का?"

वेळ संपली होती. मी काहीतरी दोन वाक्यं बोललो आणि सुटलो. पण घरी परत येताना तो प्रश्न सुटला नाही. मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाहीच. तो आमच्या घरचा आहे. "न दिसणं" हे ज्ञानाचं साधन होऊ शकतं का? आपल्याकडे यावर हजारेक वर्षं वाद झाला आहे. तेव्हा आज सांगलीत त्या बाईंना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्या ऑनलाइन ऐकत असतील, अशी आशा आहे.

सुरुवात घरापासून करतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा साताऱ्यात शाळकरी मुलगा होतो. आमचे मामा पाटण तालुक्यात राहायचे. पहिला दिवस गेला, काही निरोप नाही. दुसरा दिवस गेला, तरी नाही. आजी म्हणाली, "वाईट बातमीला पाय असतात. खबर नाही म्हणजे सगळं बरं आहे." वडील गप्प होते. मग म्हणाले, "आई, खबर यायची वाट चालू आहे का, ते आधी बघू. वाट बंद असेल तर खबर नाही याचा अर्थ काहीच नाही." आणि ते निघाले. मामांचं घर पडलं होतं, मामींचा हात मोडला होता, सगळी झाडाखाली राहत होती. जिवंत होती, एवढंच.

आजी आणि वडील, दोघांकडे माहिती एकच होती: खबर आली नाही. आजीने त्यातून निष्कर्ष काढला. वडिलांनी आधी विचारलं, हा निष्कर्ष काढायचा अधिकार आपल्याला आहे का? पुढे बी.ए.ला मीमांसा वाचायला लागलो, तेव्हा कळलं की वडिलांच्या त्या वाक्याला शास्त्रात नाव आहे.

जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? नेहमीचं उदाहरण आहे. नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच, प्रत्यक्षाने. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, नाही. डोळ्याला जमीन दिसते, 'घडा नसणं' दिसत नाही. ते कळतं ते घडा न आढळण्यामुळे. म्हणून त्यांनी एक सहावं प्रमाण मानलं: अनुपलब्धी. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, आणि हे सहावं. अद्वैत वेदान्त्यांनीही ते घेतलं. मीमांसकांतल्याच प्राभाकरांनी मात्र नाकारलं. वाद मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. आपल्या कामाची गोष्ट आहे ती त्याला घातलेली अट. नुसती अनुपलब्धी चालत नाही, 'योग्य' अनुपलब्धी लागते. म्हणजे घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये भिंत नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही.

हा विचार आपल्यापासून लांबचा नाही. ज्या कृष्णेच्या काठी आपण बसलो आहोत, तिच्या वरच्या अंगाला वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला, सात खंडांचा. त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांनी त्याच वाईत बसून मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. आता गंमत बघा. एकाच गावात एकीकडे अनुपलब्धीची वचनं जमवली जात होती, आणि दुसरीकडे 'सेमीकंडक्टर'ला मराठीत काय म्हणायचं, यावर डोकी चालत होती. विश्वकोशाने शब्द दिला: अर्धसंवाहक. आजच्या व्याख्यानाला हे दोन्ही लागणार आहेत.

आता आकाशाकडे वळू.

आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, साधारण दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा असतो. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते कण वीस हजारांपासून लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे. खालच्या टोकाला त्यांना 'कठीण क्ष-किरण' म्हणतात, वरच्या टोकाला गॅमा किरण. सीमारेषा काटेकोर नाही. त्यांच्या दोन अडचणी आहेत. पहिली, आपलं वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही. हे आपलं भाग्य आहे, पण खगोलशास्त्रज्ञाची पंचाईत आहे. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडून त्यांना उपकरणं बांधून वर पाठवत. फुगा कितीही वर गेला, तरी काही तासांचा खेळ. कायमचं बघायचं तर उपग्रहच हवा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. या किरणांना भिंग वाकवू शकत नाही. साधा आरसा परतवत नाही, ते त्यातून आरपार जातात किंवा त्यातच मरतात. भिंग नाही, आरसा नाही, मग चित्र काढायचं कसं?

आधी एक योगायोग सांगतो. कोयनेचा भूकंप झाला त्याच वर्षी, २ जुलै १९६७ रोजी, अमेरिकेच्या वेला उपग्रहांवर गॅमा किरणांचा एक झोत नोंदला गेला. हे उपग्रह आकाश बघायला सोडलेले नव्हते. १९६३ च्या करारानंतर रशिया चोरून अणुस्फोट करतो का, हे बघायला सोडले होते. झोत तर आला, पण त्याची रूपरेषा अणुबाँबसारखी नव्हती. मग काय? रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाई केली नाही. अनेक उपग्रहांवर झोत पोहोचण्याच्या वेळांतला फरक मोजला, आणि त्यावरून दिशा काढल्या. हे झोत पृथ्वीवरून येत नाहीत, सूर्याकडूनही येत नाहीत, एवढं निश्चित केलं. १९७३ साली सोळा स्फोटांचा निबंध छापला. म्हणजे गॅमा किरण स्फोटांच्या विद्येचं पहिलं वाक्यच नकाराचं आहे: हे पृथ्वीचे नाहीत, हे सूर्याचे नाहीत. पण मग कुठले आहेत, हे सांगायला चित्र हवं होतं. ते काढायला दोन गोष्टी लागल्या. एक स्फटिक आणि एक सावली.

स्फटिकापासून सुरू करू.

अर्धसंवाहक म्हणजे काय, तर ज्यातले इलेक्ट्रॉन घरात बसलेले आहेत, पण उंबरठा फार उंच नाही. तांब्यात उंबरठाच नाही, इलेक्ट्रॉन रस्त्यावर हिंडतात. काचेत तो इतका उंच की कोणी बाहेर पडत नाही. अर्धसंवाहकात गॅमा किरण शिरला की तो एका इलेक्ट्रॉनला जोरात धक्का देतो, तो धावत सुटतो आणि वाटेत हजारो जणांना उंबरठ्याबाहेर काढतो. बाहेर पडलेले किती, ते मोजलं की आलेल्या किरणाची ऊर्जा कळते. तत्त्व एवढंच. १९४५ साली हॉलंडमध्ये व्हॅन हीर्डन यांनी सिल्व्हर क्लोराइडच्या स्फटिकात ते करून दाखवलं. १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या मॅके यांनी जर्मेनियम वापरलं.

पण उंबरठ्याची उंची जुळावी लागते. जर्मेनियमचा उंबरठा इतका कमी, की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात. मग पाहुणा आला की घरातलेच गोंधळ घालतात, ते कळत नाही. त्याला द्रव नायट्रोजनने गार ठेवावं लागतं. सिलिकॉनचा उंबरठा बरा, पण त्याचे अणू हलके, गॅमा किरण त्यातून निघून जातात. जड अणू हवेत आणि उंबरठाही थोडा उंच हवा. या शोधात कॅडमियम टेल्युराइड आलं, आणि १९९० च्या दशकात त्यात थोडं जस्त मिसळून कॅडमियम झिंक टेल्युराइड पुढे आलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीझेडटी म्हणतात. कॅडमियमचा अणुक्रमांक ४८, टेल्युरियमचा ५२, म्हणजे किरण अडवायला भक्कम. उंबरठा दीड इलेक्ट्रॉन व्होल्टच्या किंचित वर, म्हणजे साध्या तापमानाला काम चालतं. एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्च होतात. एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण आला, तर २१ ते २२ हजार इलेक्ट्रॉन सुटतात. मोजता येण्याजोगा आकडा आहे.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोह होतो अशी एक जागा येते. इलेक्ट्रॉन उठून गेला, मागे काय राहिलं? रिकामी जागा. भौतिकशास्त्रात तिला 'होल' म्हणतात. आणि ती रिकामी जागा चालते! शेजारचा इलेक्ट्रॉन तिच्यात येऊन बसतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. नाटकाला पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी झाली आणि एकेक जण पुढे सरकत गेला, तर रिकामी खुर्ची मागे मागे जाताना दिसेल, तसं. तिला धन विद्युतभार असतो, वेग असतो. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म असे सहा पदार्थ सांगितले, आणि पुढच्यांनी त्यात सातवा घातला, अभाव. लोक हसतात, म्हणतात, नसण्याला कसला पदार्थ म्हणता! मी म्हणतो, एकदा अर्धसंवाहकाचं पुस्तक उघडा. मात्र वैशेषिकांना हे सगळं माहीत होतं, असं मी म्हणत नाही. कृपया माझ्या नावावर ते खपवू नका. मी इतकंच म्हणतो, की 'नसणं' हिशेबात धरावं लागतं, हे दोघांनाही आपापल्या कामातून कळलं.

आणि सीझेडटीत तो हिशेब फार महत्त्वाचा आहे. त्यात इलेक्ट्रॉन चपळ असतात, पण या रिकाम्या जागा मंद. त्या वाटेत अडकून पडतात. मग किरण एक लाखाचा आलेला असतो आणि यंत्र सांगतं ऐंशी हजार. यावर उपाय असा, की स्फटिकाच्या एका बाजूला बारीक बारीक चौकटी करायच्या, म्हणजे पिक्सेल. चौकट लहान असली की खूण मुख्यतः जवळ आलेल्या इलेक्ट्रॉनमुळे उमटते, मंद सोबत्याचा त्रास कमी होतो. शिवाय किरण कुठे पडला, तेही कळतं.

किरण कुठे पडला ते कळलं. पण आला कुठून? इथे सावली कामाला येते.

जुन्या वाड्यात जाळीच्या झरोक्यातून ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर जाळीची नक्षी पडते. सूर्य सरकला की नक्षी सरकते. भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस, मागे न वळता, सूर्य कुठे आहे ते सांगू शकतो. गॅमा किरणांची दुर्बीण म्हणजे नेमकी हीच रचना. वर जड धातूची जाळी, खाली पिक्सेलची भिंत. एकच भोक ठेवलं तर चित्र स्वच्छ मिळतं, पण प्रकाश फार थोडा येतो. म्हणून १९६८ साली रॉबर्ट डिके आणि एबल्स या दोघांनी, स्वतंत्रपणे, पुष्कळ भोकांची जाळी सुचवली. भोकांची मांडणी अशी हवी की प्रत्येक दिशेची सावली दुसरीपेक्षा वेगळी पडेल. आकाशात पाच तारे असतील तर पाच सावल्या एकमेकींवर पडतात, आणि गणिताने त्या सोडवायच्या. याला 'कोडेड मास्क' म्हणतात.

म्हणजे इथे कोणी काही 'बघत' नाही. डिटेक्टरवर जे पडतं, ते चित्र नसतं, उजेड-सावलीचा गोंधळ असतो. चित्र हे अनुमान आहे. आणि त्या अनुमानाचा हेतू जितका उजेड, तितकीच सावली. ज्या पिक्सेलवर काही पडलं नाही, तोही साक्षीदार आहे. पण कधी? तो पिक्सेल जिवंत असेल तरच. बिघडलेला पिक्सेल आणि सावलीतला पिक्सेल, दोघेही गप्प असतात. त्यांतला फरक ज्याला कळतो, त्यालाच चित्र काढता येतं. बघा, योग्य अनुपलब्धीची अट इथे पिक्सेलपिक्सेलला लागते.

युरोपच्या इंटिग्रल उपग्रहावर २००२ साली अशी दुर्बीण गेली. तिच्यात कॅडमियम टेल्युराइडचे १६,३८४ तुकडे होते. २००४ च्या अमेरिकी स्विफ्टवर सीझेडटीचे ३२,७६८. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३० ने आपला ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला. त्यावर सीझेडटी इमेजर, म्हणजे सीझेडटीआय. त्यात ६४ तबकड्या आहेत. प्रत्येक साधारण चार सेंटिमीटर चौरस, पाच मिलिमीटर जाड, प्रत्येकीवर २५६ पिक्सेल. गुणाकार करा, १६,३८४. वर सुमारे अर्ध्या मीटरवर टँटलम धातूची अर्धा मिलिमीटर जाड जाळी. टाटा संस्थेच्या ए. आर. राव यांनी या कामाचं नेतृत्व केलं. इस्रोची केंद्रं, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि पुण्याची आयुका यांचा त्यात हात आहे. जाळीच्या गणितामागे आयुकातले दीपंकर भट्टाचार्य, आणि उपकरणाची रोजची माहिती येऊन तपासली जाते तीही आयुकात. म्हणजे इथून गाडीने चार-पाच तासांवर.

एक गोष्ट लपवत नाही. स्फटिकाच्या तबकड्या आपण बनवलेल्या नाहीत. त्या इस्रायलच्या कंपनीकडून घेतल्या, आणि त्या मुळात दवाखान्यातल्या गॅमा कॅमेऱ्यासाठी घडवलेल्या जातीच्या. शेजारचं मिरज दवाखान्यांसाठीच प्रसिद्ध आहे, तेव्हा हाडांचा किंवा थायरॉइडचा न्यूक्लिअर स्कॅन इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच कुळातली ही वस्तू. मग आपलं काय? आपलं आहे ते या सोळा हजार पिक्सेलना ओळखणं. कोणता पिक्सेल उगाच बडबडतो, कोणता गप्प झाला, अवकाशातला वैश्विक किरण येऊन आदळला की एकाच वेळी खोट्या नोंदींचा पुंजका कसा उठतो, तो कसा वेगळा काढायचा. उपकरणात अमेरिशियमचा एक ज्ञात स्रोत ठेवलेला आहे. त्याच्या ६० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खुणेवर यंत्र स्वतःला पुन्हा पुन्हा ताडून बघतं. डिटेक्टर विकत मिळतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ विकत मिळत नाही.

६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याने एक गॅमा किरण स्फोट पकडला, जीआरबी १५१००६ए. तो समोर नव्हताच, बाजूने आला. झालं असं, की १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर या दुर्बिणीच्या भिंती आणि जाळी किरणांना अडवू शकत नाहीत, पारदर्शक होत जातात. चित्र काढण्याच्या दृष्टीने ही उणीव. पण त्यामुळे ती सगळ्या आकाशाकडे उघडी राहते, फक्त पायाखाली पृथ्वी आहे तेवढा भाग सोडून. हे 'पृथ्वी सोडून' लक्षात ठेवा. २०२२ च्या अखेरीपर्यंत असे ५०० स्फोट तिने नोंदवले.

आता २०१७ च्या जानेवारीत या. ४ तारखेला लायगोने गुरुत्वीय लहर पकडली, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची. जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. हवाईच्या ॲटलास दुर्बिणीला त्या पट्ट्यात एक नवा, झपाट्याने विझत जाणारा ठिपका दिसला. ॲटलास१७एईयू असं त्याचं नाव. खळबळ उडाली. कृष्णविवरांच्या मिलनातून प्रकाश निघाला, असं ठरलं असतं तर सिद्धांत उलटेपालटे झाले असते. वेळ जुळत होती, दिशा जुळत होती. काकतालीय न्याय! कावळा बसला आणि फांदी मोडली.

वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझेडटीआयची माहिती चाळली. दोन गोष्टी मिळाल्या. लहर आली त्या क्षणी सीझेडटीआयला काहीही दिसलेलं नाही. आणि एक दिवस उलटायच्या आत, ५ जानेवारीला, एक वेगळा गॅमा किरण स्फोट मात्र दिसला आहे. इतर उपग्रहांनीही तो नोंदवला होता. तो ठिपका म्हणजे या दुसऱ्या स्फोटाची विझती राख होती. लहरीशी त्याचा संबंध नव्हता. दोन अनोळखी माणसं एकाच गाडीतून उतरली म्हणून आपण त्यांचं नातं जोडत होतो. ते नातं नाही, हे सांगायला जितकं 'दिसलं' लागलं, तितकंच 'दिसलं नाही' लागलं.

आणि आता १७ ऑगस्ट २०१७. बाईंचा प्रश्न ह्याच दिवसाचा आहे. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, आणि १.७ सेकंदांनी अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची लहानशी चमक दिसली. सीझेडटीआयला दिसली नाही. का? यंत्र झोपलं होतं का? तसं असतं तर तुमचं म्हणणं बरोबर होतं, बाई. मग आमची अनुपलब्धी अंधाऱ्या खोलीतल्या घड्यासारखी झाली असती. पण यंत्र जागं होतं, नोंदी घेत होतं. चमक त्याच्या उघड्या आकाशात झाली असती, तर दिसली असती. दिसली नाही, याचा अर्थ ती त्याच्या पृथ्वीने झाकलेल्या भागात झाली. आता फर्मीने दिलेला आकाशाचा मोठा पट्टा घ्या, आणि त्यातून ॲस्ट्रोसॅटला उघडा दिसणारा भाग वजा करा. शोधायचं क्षेत्र लहान झालं.

मात्र फुगवून सांगणार नाही. ती टक्कर ज्या दीर्घिकेत झाली, ती एनजीसी ४९९३, तिथला प्रकाश चिलीतल्या दुर्बिणीने लायगो आणि व्हर्गोच्या नकाशावरून शोधला. आपल्या 'न दिसण्याने' तो शोध लावला नाही. ते एका खटल्यातल्या अनेक साक्षींपैकी एक साक्ष होतं. आरोपी त्या वेळी माझ्या समोरच्या रस्त्याने गेला नाही, असं सांगणारा साक्षीदार. खटला त्याच्यावर उभा राहत नाही. पण तो खिडकीत बसला होता, जागा होता, नजर चांगली होती, हे सिद्ध असेल, तर न्यायाधीश त्याला परत पाठवत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर विचार अर्धा राहील. १०५४ साली जुलैत आकाशात एक तारा फुटला. चिनी लोकांनी तो लिहून ठेवला. दिवसासुद्धा तेवीस दिवस दिसला, रात्री जवळजवळ दोन वर्षं. त्याचाच अवशेष म्हणजे क्रॅब, खेकडा तेजोमेघ. त्याच्या पोटातला तारा सेकंदाला तीसेक वेळा फिरतो. या ताऱ्याच्या किरणांचं ध्रुवीकरण सीझेडटीआयने मोजलं, संतोष वडावळे आणि सहकाऱ्यांचा तो निबंध गाजला. म्हणजे आज भारताने त्याचे कठीण क्ष-किरण सूक्ष्मपणे मोजले. पण १०५४ साली भारतात तो कोणी पाहिला का? जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुने ग्रंथ चाळले, २००१ साली निबंध लिहिला. ठाम म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. मग आपण म्हणायचं का, की आपल्या पूर्वजांनी आकाशाकडे पाहिलंच नाही?

थांबा. ही अनुपलब्धी योग्य आहे का? जुलै म्हणजे आपल्याकडे पावसाळा. वाई-महाबळेश्वरच्या माणसाला जुलैत सूर्य दिसला तरी तो नशीबवान! पण एवढ्याने सुटका होत नाही, कारण हिवाळ्यात आकाश स्वच्छ होतं आणि तारा तिथेच होता. मग पुढे विचारावं लागतं: अशा गोष्टी लिहून ठेवायची रीत होती का? लिहिलं असेल तर ते टिकलं का? ज्योतिषाचे ग्रंथ गणितासाठी होते की रोजनिशीसाठी? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत 'नोंद नाही' यातून 'पाहिलं नाही' निघत नाही, आणि 'पाहिलंच असणार' हेही निघत नाही. दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात. कोणी पूर्वजांना आंधळे ठरवतात, कोणी सर्वज्ञ. नारळीकरांनी यातलं काहीच केलं नाही. शोधलं, आणि सापडलं नाही असं लिहिलं. मला तो मोठेपणा वाटतो.

फरक कळला ना? १७ ऑगस्टच्या न दिसण्याला किंमत आहे, कारण यंत्राची नजर किती, ते कुठे बघत होतं, किती मंद चमक त्याला दिसली असती, हे आकड्यांत माहीत आहे. १०५४ च्या न दिसण्याला तितकी किंमत नाही, कारण बघणाऱ्याबद्दलच आपल्याला पुरेसं माहीत नाही. मौनाची किंमत मौन पाळणाऱ्यावर ठरते.

आणि म्हणून शास्त्रज्ञ नुसतं 'दिसलं नाही' असं लिहीत नाहीत. ते लिहितात, 'इतक्या तेजापेक्षा जास्त असतं तर दिसलं असतं.' त्याला वरची मर्यादा म्हणतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडील आठवले. वाट चालू आहे का, ते आधी बघू.

आता सांगलीकरांना हे मी काय सांगू? आयर्विन पुलाखालचं पाणी पावसाळ्यात तुम्ही फुटांत मोजता. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. रात्री इशारा आला नाही, म्हणून माणूस झोपतो. ती झोप कशाच्या भरवशावर? पाणी वाढलं नाही, याच्या नाही. वाढलं असतं तर कोणीतरी मोजलं असतं, आणि मोजलं असतं तर आपल्याला कळवलं असतं, या भरवशावर. ती साखळी तुटली असेल, तर शांतता हा पुरावा नसतो. २००५ आणि २०१९ पाहिलेल्या गावाला हे वेगळं समजवायला नको.

साताऱ्याच्या बाई, तुमचा प्रश्न योग्य होता. न दिसल्याचा उपयोग झाला असं कोणी म्हटलं, मग तो शास्त्रज्ञ असो, सरकार असो, डॉक्टर असो, की माझ्यासारखा व्याख्याता, तर त्याला एकच विचारायचं: असतं तर तुम्हाला दिसलं असतं का? उत्तर आकड्यांत आलं, तर ते ज्ञान आहे. नुसतं हसून टाळलं, तर ती आपली समजूत घालणं आहे. सीझेडटीआयचं उत्तर आकड्यांत आहे. म्हणून मी त्या दिवशी ते वाक्य बोललो, आणि आज ते मागे घेत नाही.

आयआयटी मुंबईतून आता 'दक्ष' नावाच्या मोहिमेचा प्रस्ताव पुढे आला आहे. त्यात दोन उपग्रह आहेत. एकाच्या नजरेआड पृथ्वी आली, तरी दुसरा बघत असावा, ही त्यातली एक कल्पना. प्रत्यक्षात कधी येईल ते येईल. पण आपल्याला कुठे दिसत नाही, याचा नकाशा हाती असलेल्या माणसांनी तो प्रस्ताव लिहिला आहे, हे मला आवडलं.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. या शांततेचा अर्थ तुम्हाला पटलं असा मी लगेच घेणार नाही. आधी प्रश्न विचारा, मग ठरवू.